थांबची खूण

क्रेनच्या केबिनमधल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही. त्याला दिसतात फक्त खाली उभ्या माणसाचे हात. बांधकामावर खुणा करणाऱ्या मास्तरांनी आयुष्यभर तेच हात चालवले. बोट वर फिरलं की तुळई वर, तळवा झुकला की खाली. निवृत्त झाल्यावर क्रेन गेली, हात तेवढे उरले, आणि घरातल्यांच्या वाट्याला आले. दूध कधी उतरवायचं, खिडकी किती उघडायची, सगळं हातवाऱ्यांसकट. "अहो, मी क्रेन नाही," बायको म्हणायची. ऐकतंय कोण?

लेक शब्दकोशाच्या कार्यालयात होती. एकदा जेवताना म्हणाली, "आज 'निर्देशात्मक' लिहिला. विशेषण. काय करायचं, कसं करायचं ते सांगणारं."

"आणि वापर?" मास्तरांनी विचारलं.

"'बाबांचं बोलणं निर्देशात्मक असतं.'"

बायकोला हसता हसता ठसका लागला. मास्तरही हसले, पण जरा उशिरा.

पुढे लेकीला परगावी नोकरी लागली. मास्तर म्हणाले, जायचं नाही. ती म्हणाली, जाणार. तेव्हापासून दोघांत अबोला. सामान हलवायच्या दिवशीही तो सुटला नव्हता. ही अशीच रुसून गेली तर परत फिरकेल का, या धास्तीने मास्तरांचा जीव खालीवर होत होता, आणि ती लपवायला ते जिन्याच्या वरच्या टोकाला उभे राहून हमालांवर डाफरत होते.

कपाट वळणावर अडकलं. "डावीकडे रेटा! अरे, रेटा ना!"

खालून लेकीने हात आडवा ताणला. थांब.

लहानपणी कामावर नेलं तेव्हा त्यांनीच तिला शिकवलं होतं: खुणा एकानेच करायच्या, पण थांबची खूण कुणीही केली, तरी थांबायचंच.

मास्तर थांबले. हमालाची बोटं कपाट आणि कठड्यामध्ये सापडणार होती. वरून ती दिसतच नव्हती.

"काका, आता कसं घेऊ?" हमालाने विचारलं.

"तिला विचार," मास्तर म्हणाले. "तिला दिसतंय."

सामान चढलं. टेम्पोत बसून लेकीने डोकं बाहेर काढलं. "बाबा, चौकातून डावीकडेच ना?"

जन्मापासून या गल्लीत राहिलेली पोर! मास्तरांचा हात सवयीने उठला, तो त्यांनी खाली घेतला.

"तुला जायचं तशी जा गं. फक्त येत जा."

"हेही निर्देशात्मकच झालं," ती डोळे पुसत हसली.

"असू दे," मास्तर म्हणाले. "एवढं ऐक."