तुमच्यात

मला किळस येत नाही. म्हणजे यायची सोयच नाही. घाटकोपरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. लोक सकाळी सकाळी डब्या-बाटल्यांतून जे काय आणून देतात ते बघायचं, तपासायचं, हात धुवायचे आणि त्याच हातांनी डबा उघडून चपाती-भाजी खायची. नवीन पोरी येतात, पहिले काही दिवस तोंड दाबून बाहेर पळतात, मग सरावतात. मी तर कधीच सरावले. पण लेकीच्या शाळेत त्या गोडगोड गोलात बसले तेव्हा जी शिसारी आली ना, ती अजून उतरलेली नाही.

लेक आठवीत. शाळा महापालिकेची, घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. तिच्या वर्गातल्या चार पोरींनी पराक्रम केला. एकीने आईचा मोबाइल दप्तरात लपवून आणला, मधल्या सुट्टीत चौघी टॉयलेटमध्ये घुसल्या आणि रील बनवायचं म्हणून नव्याकोऱ्या बेसिनवर चढल्या. बेसिन भिंतीतून उखडलं, नळ तुटला, पाणी थेट वर्गांच्या दारापर्यंत. त्या चौघींत आमची बाईसाहेब होतीच. घरी आल्यावर मी तिला चांगलं धारेवर धरलं.

"चढायची अक्कल कोणाची?"

"चौघींची," ती म्हणाली. मी बाकीच्या तिघींनाही नंतर विचारलं, तर तेच उत्तर.

पूर्वी असं काही झालं की शाळेचं ठरलेलं असायचं, आठवडाभर तोंड दाखवू नकोस आणि येशील तेव्हा पालकांना घेऊन ये. पण यंदा वर्गाच्या मॅडम कसल्याशा ट्रेनिंगला जाऊन आल्या होत्या. आता मुलांना घरी बसवायचं नाही. सगळ्यांनी गोल करून बसायचं, ज्यांनी चूक केली त्यांनी बोलायचं, ज्यांना त्रास झाला त्यांनीही बोलायचं, आणि मोडलं ते कसं भरून काढायचं हे मिळून ठरवायचं. मॅडम त्याला सर्कल म्हणायच्या, पोरी गोल म्हणायच्या. खोटं कशाला बोलू, मला ते पटलं होतं. माझ्या वेळी घरी बसवलेली पोरं परत यायची ती जास्त बिघडून, नाहीतर यायचीच नाहीत. म्हटलं चला, उशिरा का होईना, शहाणपण सुचलं.

त्या गोलात एक वस्तू फिरवतात. ती ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मॅडमनी टेबलावरचं जे हाताला लागलं ते घेतलं. डस्टर. लाकडी पाठीचा, गेल्या वर्षापर्यंत ज्याचा नेम धरून त्या पोरांना मारायच्या तोच. लेक सांगत होती, मॅडमनी डस्टर उचलला आणि मागच्या पोरी सवयीने खालीच वाकल्या. आम्ही मायलेकी त्या दिवशी पोट धरून हसलो.

मग एका संध्याकाळी ती शाळेतून आली तर अंगाला फिनेलचा वास. माझ्या नाकाला ते सांगावं लागत नाही.

"टॉयलेट धुतलं," ती म्हणाली. "शिक्षा नाहीये गं. भरपाई आहे. आठवडाभर करायचंय."

"आणि बाकीच्या तिघी?"

एकीचं चित्र छान, तिने 'पाणी वाचवा'चं पोस्टर काढायचं. दुसरीचं अक्षर छान, तिने फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचा. तिसरी म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरची, हिची अगदी जिवाभावाची मैत्रीण. तिचा आवाज छान, म्हणून तिने सकाळच्या परिपाठाला स्वच्छतेवर भाषण करायचं. वा रे वा! ही घासणार आणि ती त्यावर भाषण ठोकणार.

"तुझं काय छान म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाल्या, तुमच्यात कष्टाला कोणी लाजत नाही, ते मला फार आवडतं." मग वाकून बूट काढता काढता तिने विचारलं, "आई, आपल्यात म्हणजे कोणात?"

मी हातातला चहा ओट्यावर ठेवला.

आम्ही बौद्ध. माझे आजोबा मराठवाड्यातून इथे आले, तेव्हापासून आम्ही इथलेच. आपण कोण हे लेकीला चांगलं माहीत आहे, मान वर करून माहीत आहे. पण 'तुमच्यात' हा शब्द तिच्या कानाला लागू नये यासाठी मी जिवाचं रान केलं होतं. शिवी परवडते. शिवी दिली की उलट देता येते. हा शब्द लोक चहाचा कप पुढे करता करता बोलतात. तुमच्यात लग्नं साधी असतात ना? तुमच्यात आता बरेच शिकलेत हं! हसत हसत उचलून तुम्हाला एका बाजूला ठेवतात आणि वर तुम्हीच थँक्यू म्हणायचं. तो शब्द पोरीच्या आत एकदा गेला की मग कोणी बाजूला ठेवायची गरज उरत नाही, ती आपणच बाजूला सरकून बसायला लागते. मी बसायचे. लेकीने बसू नये, एवढंच मला हवं होतं.

"खड्ड्यात गेली भरपाई," मी म्हटलं. "उद्या मी येते शाळेत."

मॅडमना मी भांडायला आलेली हवीच होते की काय कोण जाणे, एवढ्या खूश झाल्या. "छान! आपण पालकांसोबत सर्कल घेऊ." शनिवारी शाळा सुटल्यावर वर्गात गोल झाला. चौघी पोरी, आम्ही चार आया आणि मॅडम. बुटक्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो. मॅडम प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'बाळा' म्हणत होत्या. मी तोंड उघडायच्या आत मला म्हणाल्या, "ताई, तुम्हाला राग आलाय. तुमचा राग मी स्वीकारते." अगं बाई! माझा राग काय कुरिअर आहे, सही करून घ्यायला?

डस्टर माझ्याकडे आला. मी म्हटलं, "चौघी चढल्या, तर चौघींनी धुवायचं. माझी सगळ्यांत आधी हात घालेल. मी लोकांची घाण रोज हाताळते, मला त्याची लाज नाही आणि तिलाही नसेल. पण मग पोस्टर चौघींचं, भाषण चौघींचं."

"ताई, आपण गुण बघून कामं दिलीत ना."

"मग हिचा गुण कोणता?"

"अहो, तुमच्यात कसं असतं..." एवढं म्हणून त्या थांबल्या. गोलात बसलेल्या सगळ्यांना पुढचं कळलं होतं, आणि सगळ्यांनी आपापल्या पायांकडे बघितलं. मी डस्टर पुढे सरकवला.

पुढे बसली होती खालच्या मजल्यावरची, मैत्रिणीची आई. मूळची मालवणकडची, सासरा गिरणीत होता. माझी ड्युटी लांबली की लेक तिच्याकडेच जेवायची. ती घावणे केले की वर पाठवायची, मी तिच्या सासूची शुगर घरी जाऊन काढून आणायचे. हिच्यावर माझी सगळी भिस्त होती. तिने डस्टर मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडेच बघत म्हणाली, "आमच्यात नाय चालाचा ह्यां. हिच्या आजयेक कळला तर माका उभी चिरतली."

माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्याच सासूचं रक्त काढायला मी हात धरायचे, तेव्हा चालत होतं.

मॅडमना हायसं वाटलं, ते लपेना. "बघा, जबरदस्ती कोणावरच नको. आपण मध्यम मार्ग काढू." मध्यम मार्ग! माझ्या शोकेसमध्ये बसलेल्या बुद्धाचा शब्द, तो मलाच वाढला यांनी. "हिने धुवायचं बंद. ही झाडांना पाणी घालेल. झालं ना समाधान? आता शेवटचा राउंड. प्रत्येकीने सांगायचं, मनाला कसं वाटतंय."

डस्टर या वेळी उलट्या बाजूने फिरला. हलकं वाटतंय. छान वाटतंय. हलकं वाटतंय. मैत्रीण माझ्या लेकीकडे न बघता 'हलकं' म्हणाली. माझ्यापाशी आला तेव्हा तोंड उघडलं असतं तर ओकारीच आली असती. तसाच लेकीला दिला.

ती त्याच्यावरची खडूची भुकटी बोटाने पुसत बसली. मग म्हणाली, "मॅडम, मला आधीसारखं घरी बसवा ना. आठवडाभर. आम्हाला चौघींना बसवा."

"का गं बाळा?"

"तेव्हा सगळ्यांना सारखं असायचं."

मॅडम हसल्या, पुढे वाकून तिच्या हातातला डस्टर काढून घेतला. "आपल्या शाळेत आता शिक्षा नसते, बाळा."

सोमवारी ती शाळेत गेली. संध्याकाळी मी भाजी निवडत होते. सहज विचारल्यासारखं करत म्हटलं, "काय गं, मैत्रिणीशी बोललीस का? शेजारीच बसता ना दोघी?"

"नाही. मी मागे बसते आता, शेवटच्या बाकावर."

माझं डोकंच सणकलं. "कोणी बसवलं तुला तिथे? मॅडमनी?"

"नाही गं," ती म्हणाली. "मीच बसले."