पापडाचे आश्रयदाते

बायांनो, चहाचा कप आधी खाली ठेवा, नाहीतर ठसका लागेल. मी जे करून बसले ते वैऱ्यानंसुद्धा केलं नसतं!

आम्ही सुरतेत, नवागामला राहतो. ह्यांच्या कारखान्यातली अर्धी मशिनं बंद पडली, तेव्हा मी घरी उडदाचे पापड लाटायला घेतले. पोरगी दीड वर्षाची. एका पायानं तिची झोळी हलवायची आणि दोन्ही हातांनी लाटायचं. कशीबशी चार गिऱ्हाइकं जमली. चारच! जिवाला सारखी धास्ती, यातलं एक जरी तुटलं तर?

म्हणून ठरवलं, यांना खूश ठेवायचं. दारावर बॅनर लावून त्यावर चौघींची नावं टाकायची. पण नावांच्या वर लिहायचं काय? 'घराक' म्हणतात इथले गुजराती. 'ग्राहक' म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. आणि 'गिऱ्हाईक'? कोणाची टिंगल केली तरी आपण म्हणतो, त्याचं गिऱ्हाईक केलं. नको बाई!

सातवी शिकलेलं डोकं माझं, पण चाललं हो! गणपती मंडळाच्या बॅनरवर कसं असतं? 'आमचे आश्रयदाते', आणि खाली फोटो. देणगी देणारा वर्षभर मिरवतो. ठरलं, हाच शब्द!

बॅनरवाल्यानं विचारलं, "बेन, फोटा?"

"आहेत ना!" चौघींच्या व्हॉट्सॲपवरचे फोटो काढून दिले. त्यांना विचारायचं कशाला? फोटो छापला म्हणून कोणी रागावतं का?

सकाळी बॅनर लागला. तासाभरात सुनंदाताईंचा फोन. चौघींतल्याच एक, मागच्याच सोसायटीत राहतात.

"अगं बये, काढ तो बॅनर!"

"का ताई? फोटो नीट नाही आला?"

"फोटोचं काय घेऊन बसलीस! सासूबाईंना सांगितलंय, पापड मी स्वतः लाटते. दुपारी बहिणीकडे लाटायला जाते म्हणून घरातून निघते!"

"मग तिथं जाऊन काय करता?"

"झोपते!"

फोन ठेवते तोच दुसरीचा. तिनं कामरेजच्या नणंदेला माझे पापड स्वतःच्या हातचे म्हणून दिलेले. मग तिसरी, मग चौथी. चौघींचं एकच रडगाणं! देणगी देणाऱ्याला नाव हवं असतं, विकतचे पापड नेणारीला नाव झाकायचं असतं. एवढं साधं मला कळू नये?

पोरीला कडेवर घेतलं, स्टुलावर चढले. गाठ काही सुटेना. तेवढ्यात मागून आवाज आला.

"मन्ही सूनना फोटो आठे कसा?"

सुनंदाताईंच्या सासूबाई, सुनेचा फोटो इथं कसा म्हणून अहिराणीत विचारतायत! संपलं. एक गिऱ्हाईक तर हातचं गेलं.

"आजी, त्या... त्या मला पापड शिकवतात!"

आजींनी बाजेवर वाळत घातलेला पापड उचलला, तुकडा मोडून तोंडात टाकला. चावतायत, चावतायत.

"ती काय शिकवणार? तिला पोळी गोल येत नाही," आजी म्हणाल्या. "आणि मी दोन महिने गावभर सांगतेय, माझ्या सुनेच्या हाताला चव आहे!"

"आजी, चुकलं माझं. ताईंना बोलू नका."

"मी कशाला बोलू? तूच बोलू नकोस, मला कळलंय म्हणून. नंदुरबारला बहिणीला पाच किलो पाठवायचेत. माझ्या हातचे म्हणून!" मग हळूच म्हणाल्या, "तिच्या जावाही मागतील. तुझा नंबर दे."

जीव भांड्यात पडला. मी ऐटीत म्हटलं, "बॅनरवरच आहे की, आजी!"

आजींनी चष्मा सारखा केला. वरून खाली वाचलं, परत खालून वर वाचलं.

"पोरी, यात तू कुठंयस?"

मी स्टुलावरूनच वाकून पाहिलं. वर 'खान्देशी पापड', त्याखाली ठळक अक्षरात चार आश्रयदाते, फोटोसकट. आणि जिला आश्रय हवा होता, त्या बयेचं नाव नाही, नंबर नाही, काही म्हणता काही नाही!