आबांनी बसून बघितलेलं रान

आमच्या आबांनी आयुष्यात एकही निर्णय उभ्याने घेतला नाही. निर्णय घ्यायचा म्हटला की ते आधी बसत. तासभर टेकणं वेगळं आणि आबांचं बसणं वेगळं. घोंगडीची चौपदरी घडी टाकून, पाठ एखाद्या भिंतीला किंवा लिंबाला लावून ते दिवसच्या दिवस बसत. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. शेळगावला आमच्या घरात ऊस यायच्या आधी मेंढरं होती, आणि दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायची रीत होती. कळप हलवायचा तर घरातला एकजण दोन दिवस आधी पुढं जाई आणि पुढच्या रानात नुसता बसून येई. गवत किती, पाणी कुठं, गावातली माणसं कशी, त्यांची कुत्री कशी, हे बसल्याशिवाय कळत नाही असा आमच्या सगळ्या घराण्याचा विश्वास. तरुणपणी हे रान बघायचं काम आबांकडं असे. पुढं मेंढरं गेली, ऊस आला, दारात ट्रॅक्टर उभा राहिला, पण आबांची सवय काही गेली नाही. बघायला रान उरलं नाही म्हणून ते उरलेलं जग बघायला लागले.

त्यांच्या मुलीला, म्हणजे आमच्या आक्काला, अंथुर्ण्याचं स्थळ आलं तेव्हा घरच्या सगळ्यांनी मुलगा बघितला, विहीर बघितली, गोठा बघितला. आबा त्या बैठकीत सुपारी कातरत बसले. तिसऱ्या दिवशी एकटेच गेले आणि त्या घरासमोरच्या पिठाच्या गिरणीला पाठ लावून बसले. लोकांना वाटलं, म्हातारा दळण घेऊन आलाय आणि लाइट यायची वाट बघतोय. दोन दिवसांनी परत येऊन म्हणाले, "द्या पोरगी. सासू दळनाचा डबा सोता उचलती, सुनंची वाट बघत न्हाय." आक्काचं लग्न एवढ्या पुराव्यावर झालं आणि तिचं आजतागायत उत्तम चाललं आहे.

मोतीबिंदूच्या वेळी तर त्यांनी बारामतीच्या डॉक्टरांना घाम फोडला. दवाखान्याच्या व्हरांड्यात तीन दिवस बसून राहिले. कंपाउंडर रोज विचारी, "आबा, नंबर लावू का?" आबा म्हणत, "नगं. मी बघाय आलोय." ज्या माणसाला समोरची म्हैस दिसत नव्हती तो काय बघत होता हे त्या कंपाउंडरला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "आत जानाऱ्याकडं बघून काय उपेग? त्यो आशेनं जातो. भाईर येनाऱ्याकडं बघावं." चौथ्या दिवशी त्यांनी डोळा डॉक्टरांच्या हवाली केला.

आणखी एक कला त्यांच्या अंगात होती. त्यांना मोजता फारसं येत नसे, पण घोळक्यावरून नजर फिरवली की त्यात कोण नाही ते त्यांना कळे. सोमेश्वरनगरचं एक लग्न उरकून आम्ही ट्रॉलीत बसलो, ड्रायव्हरनं ट्रॅक्टर सुरूही केला, तर आबा म्हणाले, "एक कमी हाय." मग मोजणी सुरू झाली. जो तो स्वतःला धरायला विसरे, त्यामुळे दर वेळी नवा आकडा निघे. शेवटी नवरदेवाचा मामा मांडवामागं सतरंज्यांच्या ढिगावर घोरताना सापडला. त्या दिवसापासून आबांनी मान हलवल्याशिवाय आमच्या गावची ट्रॉली हलत नसे. घरातही तसंच. दिवाळीत पंगत बसली आणि मी ड्यूटीवर अडकलेलो असलो, की आबा पानावरून नजर फिरवून म्हणत, "एक कमी हाय," आणि मगच पहिला घास घेत.

मी पायलट झालो तेव्हा सगळ्या गावानं पेढे खाल्ले. आबांनी पेढा हातात धरून विचारलं, "इमानात म्होरं तू. आन मागनं कोन चालतं?" मी म्हटलं, मागं कुणी नसतं, माणसं बसलेली असतात. त्यांना ते पटलं नाही; कळपाच्या मागं राहिलेलं कोकरू उचलायला एकजण लागतोच. "मंग ऱ्हायलं-सायलं कोन बघतं?" माझ्या धंद्याबद्दल त्यांना एवढी एकच शंका होती. बाकी शेळगाववरून जाणारं प्रत्येक विमान माझंच, हे त्यांनी धरून ठेवलं होतं. विमानाचा आवाज आला की ते फेट्याचा शेव, म्हणजे टोक, सोडून हलवत. एकदा मी शेजारी बसलेलो असतानाच त्यांनी शेव हलवला. मी म्हटलं, "आबा, मी हितं हाय की." तर म्हणाले, "तू हितं हाईस म्हनून त्येंना तसंच जाऊ द्यायचं व्हय?"

नव्वदच्या दशकातल्या मधल्या वर्षांची गोष्ट. विमानांच्या नव्या कंपन्या निघत होत्या आणि पायलटांना चांगले दिवस आले होते. मी मुंबईला एका जुन्या कंपनीत उजव्या खुर्चीत, म्हणजे को-पायलट होतो. डावी खुर्ची कॅप्टनची. आमच्याकडं ती ज्येष्ठतेच्या यादीनं मिळे आणि यादीतले माझ्या पुढचे लोक तब्येतीनं ठणठणीत होते. अशात एका नव्या कंपनीचं पत्र आलं. वर्षभरात कॅप्टन करू, पण मुक्काम बंगळूरला, आणि उत्तर पंधरा दिवसांत हवं. डाव्या खुर्चीसाठी माझा जीव अगदी टांगणीला लागला होता, ते खोटं कशाला सांगू? पण बंगळूरला गेलो की शेळगाव वर्षातून एकदा, तेही जमलं तर. शिवाय नवी कंपनी टिकेल की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं. बायको म्हणाली, तुम्ही ठरवा. मित्रांपैकी निम्मे म्हणाले जा, निम्मे म्हणाले वेडा आहेस का. मी एका कागदावर मधोमध रेघ मारून फायदे-तोटे लिहिले आणि तो कागद घेऊन गावी आलो.

आबांनी सगळं ऐकून घेतलं, कागद घेतला आणि चुन्याच्या डबीखाली ठेवला. "रान बघितलंस का?"

"त्यांचं हापिस बघितलं की. पाचव्या मजल्यावर हाय. पायाखाली गालिचा."

"हापिसात कुठं चरनार हाईस? रान म्हनतोय मी. बापू, मला घिऊन चल."

त्यांना नाही म्हणणं कुणाला जमलंय? आम्ही बारामतीहून एसटीनं मुंबईला आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी विमानतळाच्या बाहेर पडायच्या दाराशी एक खांब निवडला, घोंगडी टाकली आणि शेजारी भाकरी-ठेच्याचं गाठोडं ठेवून बसले. दोन्ही कंपन्यांची माणसं त्याच दारानं बाहेर येत. तिथल्या पोलिसानं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, पण तो निघाला इंदापूरचा. अर्ध्या तासात त्याचं आडनाव, पाहुणे, सोयरे सगळं निघालं आणि मग तोच लोकांना "जरा बाजूनं जा, आबा बसल्यात" असं सांगायला लागला.

आणि मी? मी दुपारी दिल्लीहून आलो, कडक टोपी, पांढरा शर्ट, बरोबर आमचे लोक. खांबाशी फेटा दिसला आणि माझी मान आपोआप खाली गेली. आबांनीही हाक मारली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या दिवशी बरोबर आमचे नागपूरचे कॅप्टन होते, निवृत्तीला आलेले, तोंडानं फटकळ. ते थांबून म्हणाले, "हे म्हातारबाबा कालपासून इथंच बसून आहेत. कोणाचे आहेत हो?"

मी म्हणालो, "कोणास ठाऊक, सर."

संध्याकाळी घरी जेवताना आबांनी निकाल सांगायला घेतला. "तुझ्या कंपनीची मानसं चुरगाळल्याली असत्यात, पर घोळक्यानं येत्यात, हासत येत्यात. नव्या कंपनीची इस्तरी मोडत न्हाय, पर कोन कुनासंगं बोलत न्हाय. जो त्यो आपापली बॅग वढीत जातो."

"म्हंजे मी हितंच ऱ्हाऊ?"

"न्हाय. तू जा."

मला कळेना. आबा भाकरी मोडत म्हणाले, "रान बेस हाय. पर तू मान खाली घालून भाईर येतोस. दोन्ही दिवस बघितलं. चारा असून जनावर चरत न्हाय, म्हंजे रान मानवत न्हाय त्येला."

मी हातातला घास ताटात ठेवला. गप्प बसलो असतो तर सगळं सोपं होतं. थोरल्या चुलत्यानं जा म्हटलं, गेलो, एवढं सांगता आलं असतं. पण ते जमेना. मी म्हणालो, "आबा, मान खाली व्हती ती रानामुळं न्हाय. तुमी तितं बसला व्हता म्हनून. मला लाज वाटली."

आबांनी शांतपणे पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "ठावं हाय. कोनास ठाऊक म्हनलास ते ऐकलं मी. डोळा गेला व्हता, कान न्हाय."

"मंग जा कशाला म्हनता?"

"जितं आपल्या मानसाची वळख द्यायची चोरी, तितं कशापायी ऱ्हायचं?"

आवाजात राग नव्हता. अमक्या गावचं पाणी खारं आहे, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कारण चोरी कंपनीनं लावली नव्हती, ती मीच लावून घेतली होती, आणि बंगळूरला गेलो असतो तरी ती बॅगेतून बरोबरच आली असती.

सकाळी आबा एसटीला निघाले होते. मी म्हटलं, "आजचा दिस बसा." "आता काय बघायचं ऱ्हायलंय?" "बसा तर खरं." ते बसले. दुपारी मी त्याच कॅप्टनबरोबर बाहेर आलो, सरळ खांबाकडं गेलो आणि म्हणालो, "सर, हे माझे थोरले चुलते. काल मी खोटं बोललो." कॅप्टननं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा आबांकडं, आणि टोपी काढून खांद्यावरच्या चार पट्ट्यांसकट घोंगडीवर मांडी घातली. आबांनी गाठोडं सोडलं. पहिल्या घासाला नागपूरच्या माणसाच्याही डोळ्यांतून पाणी आलं. "काय आहे हो हे?" "ठेचा हाय. दमानं घ्या." मग दोन हवाईसुंदऱ्या बसल्या, इंदापूरचा पोलीस उभ्यानंच जेवला, मी भाकरीचे तुकडे वाढत होतो, आणि नव्या कंपनीची इस्त्रीची माणसं आमच्याकडं बघत बॅगा ओढत चालली होती. एवढी चवदार भाकरी मी नंतर खाल्ली नाही. गाठोडं रिकामं झाल्यावर मी विचारलं, "आता, आबा?"

"आता काय? मान वर हाय. ऱ्हा हितंच."

मी नव्या कंपनीला नकार कळवला. ती दीड-दोन वर्षांत बंद पडली. शेळगावात आबांच्या दूरदृष्टीचा बोलबाला झाला. आबा भेटेल त्याला प्रामाणिकपणे सांगत, "आरं, म्या तर आदी जा म्हनलं व्हतं." पण लोकांना वाटे, म्हातारा मोठेपणा घेत नाही, आणि त्यांचा बोलबाला आणखीनच वाढे.

डावी खुर्ची मला चार वर्षांनी मिळाली. तोवर आबा कधी विमानात बसले नव्हते. भाईरनं बघितलं की, आत कशाला, असं म्हणत. पण कॅप्टन म्हणून पुण्याहून माझं पहिलं विमान निघायचं होतं तेव्हा ते स्वतःहून तयार झाले आणि घोंगडी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसले. प्रवासी चढले, मोजणी चालू होती, तेवढ्यात हवाईसुंदरी पुढं येऊन म्हणाली, "कॅप्टन, तुमचे काका म्हणताहेत, एक कमी आहे. मघाशी हॉलमध्ये बसलेले तांबड्या मफलरचे गृहस्थ." मोजणी संपली आणि खरंच एक कमी भरला. तांबडा मफलर विमानतळाच्या हॉलमध्ये खुर्चीवर गाढ झोपला होता. त्याला आणेपर्यंत पंधरा मिनिटं उशीर झाला. मी मागं जाऊन आबांजवळ वाकलो, तर हळूच म्हणाले, "बघ, मागनं कुनीतरी लागतंच."

नंतर काही वर्षांनी आबा गेले. बसल्या जागी, लिंबाला पाठ लावून गेले, दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं ते गेले असते तर आम्हाला खरं वाटलं नसतं. आक्का तेव्हा माहेरी आली होती; ती सांगते की त्या दुपारी एक विमान गेलं आणि फेट्याचा शेव हलला नाही, तेव्हा तिला कळलं.

माझं तसं सगळं छान चाललं आहे. त्याच कंपनीत आहे, माणसं चुरगाळलेली आणि हसरी आहेत, आणि बाहेर पडताना माझी मान वर असते. फक्त विमान निघायच्या आधी हवाईसुंदरी येऊन सांगते, "कॅप्टन, सगळे आलेत." तिची मोजणी बरोबर असते. तरी मी एकदा मागं वळून पहिल्या रांगेकडं बघतो. एक कमी हाय, असं मनात येतं. मग मी दार लावायला सांगतो.