बिननालाची घोडी

नालबंदाच्या वहिनीने दिराला शिव्या दिल्या नाहीत. तिने घोडीचे चारही नाल उपटून टाकले. शिव्या एका दिवसात विरतात, तिला त्याला जन्मभर पुरेल असं काहीतरी द्यायचं होतं.

दीर बाजारातला एकमेव नालबंद. भाऊ गेल्यापासून त्याचा डोळा वहिनीच्या घोडीवर. "बाईमाणसाला गाडी झेपत नाही, घोडी मला द्या," हे पालुपद चालूच. वहिनी घोडीच्या गाडीतून दुधाचे कॅन पोचवायची आणि त्याला भीक घालायची नाही. मग एकदा नाल ठोकताना त्याने एक खिळा जिवंत मांसात घातला. खुरात पू झाला, घोडी लंगडली, आणि हा साळसूदपणे म्हणाला, "कामातून गेली हो! आता तरी द्या." वहिनीने खूर उचलून पाहिला. खिळ्यांच्या भोकांपैकी एकच रांग सोडून आत होतं. जन्म खिळे ठोकण्यात गेलेल्या माणसाचा हात असा चुकत नाही.

"भावजी, पक्कड द्या. सगळे नाल काढते."

"बायकांच्या हातात शोभत नाही ती."

"ठीक आहे. तुमच्या खिळ्यावाचून हिला तुमच्याच दारावरून चालवीन."

घरच्या गंजक्या पकडीने तिने नाल काढले. घोडी काचांवर उभी असल्यासारखी अंग चोरायची. वहिनी कानशीने खुरांच्या कडा गोल करायची, नदीकाठच्या वाळूत तिला फिरवायची आणि दुधाची हातगाडी स्वतः ओढायची.

"वहिनी, घोडीला चपला शिवा, नाल तुम्ही ठोकून घ्या!" दीर दुकानातून ओरडायचा. गिऱ्हाइकं खिदळायची. वहिनी दात-ओठ खायची आणि घरी येऊन खूर बघायची. खूर वाढत होता, खिळ्यांची भोकं हळूहळू खाली सरकत होती.

एकदा मातीच्या रस्त्यावर घोडी झकास दुडकी धावली आणि वहिनीची अक्कल गहाण पडली. तिने तडक दिराच्या दुकानापुढच्या खडीवर तिला नेलं. निम्म्यात घोडी थबकली आणि तिने पुढचा पाय उचलून धरला. दीर पोट धरधरून हसला.

घरी तो पाय थंड पाण्यात धरून वहिनी रडली. "सूड माझा, आणि टोचतंय तुला!" सूड तिने सोडला मात्र नाही. फक्त तो आता घोडीच्या चालीने घ्यायचा ठरवला. अंगणात, चारा आणि पाणी यांच्या मधे, खुरांना सवय व्हावी म्हणून ती थोडी थोडी खडी पसरत गेली.

शेवटचं भोक कानशीखाली गेलं त्या सकाळी ती घोडीचा लगाम धरून बाजारात निघाली. दीर एका टांगेवाल्याच्या घोड्याचा पाय मांडीत घेऊन वाकला होता. लोखंडाच्या टपटपीवरून कोणाचं जनावर आलं ते मान वर न करता सांगायची त्याची ऐट. आज टपटप झालीच नाही आणि खडीची कुरकुर हातोडीखाली दबली. मानेवर गरम श्वास आला तसा तो दचकून खडीवर बुडावर आपटला.

अख्खा बाजार हसला. टांगेवाला मात्र हसला नाही. तो घोडीच्या पायांकडे पाहत होता. त्याचा घोडाही मागच्या खेपेला नाल ठोकल्यापासून लंगडत होता.

"वहिनी, याचे पण काढून द्याल?"

"देते की. पण सबुरी लागेल, घाई केलीत तर घोडा भोगेल." मग ती खडीवर बसलेल्या दिराकडे वळली आणि तिने हात पुढे केला.

"भावजी, पक्कड."

त्याने दिली.