बनुबाईच्या पाण्याची ओटी

आमच्या गावात कुणी माईकसमोर उभं राहून 'दुष्काळात सगळं गाव एक झालं' म्हणायला लागलं, की मी पदर झटकून उठते आणि घरी येते. म्हातारी तापट आहे, असं लोक म्हणतात. आहेच. गाव एक झालं होतं हे खरं, पण कशासाठी एक झालं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

कर्जत तालुक्यातल्या या वाडीत मी सून म्हणून आले, तेव्हा बनुबाई चाळिशीची असेल. तिचं रान आमच्या रानाला लागून. अंगाने उंच, बोलायला फटकळ. आम्ही सगळ्या सुना तिला आत्याबाई म्हणायचो. तिच्या रानातून एक ओढा जातो. पावसाळ्यात दोन-तीनदा दणकून वाहायचा, मग वर्षभर नुसते गोटे. मी यायच्या कितीतरी आधी तिचा नवरा पुंजाराम म्हणाला, आपल्या रानातून जाणारं पाणी आपल्याला विचारून जाईल, आणि नवरा-बायकोने ओढ्याला आडवा मातीचा बांध घालायला घेतला. सरकारची मदत नाही, गावाची तर नाहीच. उन्हाळा आला की काम सुरू, पेरणी आली की बंद, अशी कितीतरी वर्षं गेली. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरूम. गाभ्याची माती ओली करून तुडवावी लागते, नाहीतर पाणी आतून वाट काढतं. पुंजाराम बैल फिरवायचा आणि बैलांच्या मागून बनुबाई स्वतः तुडवायची. लेक कडूबाई पोटात होती तेव्हाही तुडवलं. बांध पुरा व्हायच्या आत पुंजाराम तापाने गेला. वरचा सगळा थर तिने एकटीने चढवला. एका कडेला दगडाचा सांडवा केला, तळं भरलं की जादा पाणी तिथून खाली जावं म्हणून.

गाव हसायचं. 'बनीची गंगा' म्हणायचं. पुढे तळ्याच्या पाण्यावर तिची लिंबोणीची बाग फळली, लिंबं कर्जतच्या बाजारात जाऊ लागली, तेव्हा हसणं थांबलं आणि पोटात दुखणं सुरू झालं.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. आदलं सालही कोरडंच गेलेलं. बनुबाईचं तळं आटून तळाला भेगा पडल्या. पण इतकी वर्षं मुरलेलं पाणी बांधाखालच्या तिच्या विहिरीत पाझरत होतं. गावातल्या विहिरींनी हात टेकले आणि सगळे हंडे तिच्या विहिरीकडे वळले. सरपंच आप्पासाहेबांची तर गाडी यायची, वर पिंप ठेवून. बनुबाईने बागेची मोट बंद केली. मी म्हटलं, आत्याबाई, निदान चार झाडं तरी जगवा. ती म्हणाली, "झाडं रडत न्हाईत गं. पोरं रडत्यात." हाताने लावलेली लिंबोणी तिने डोळ्यांदेखत वाळू दिली आणि त्या हिवाळ्यात तिचीच लाकडं चुलीला लावली. धुरालाही लिंबाचा वास यायचा. ती चुलीपुढे बसून रडली ते मी पाहिलं. गावाने नाही पाहिलं. गाव विहिरीवर रांगेत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात दुष्काळी काम निघालं. पाझर तलाव. जागा कुठली, तर त्याच ओढ्यावर, बनुबाईच्या बांधाच्या खाली. आम्ही सगळ्यांनी तिथे सरकारने वाटलेली सुकडी खाऊन पाट्या वाहिल्या. बनुबाईनेही वाहिल्या. गावाचं भलं होतंय म्हणायची.

त्र्याहत्तरला पाऊस आला. ओढा वाहिला, आणि पाणी आधी वरच्या तळ्यात साठलं, कारण पाणी वरून खाली येतं. बनुबाईचं तळं निम्म्यावर आलं. खालचा सरकारी तलाव कोरडा. एवढ्यात वर्दी आली, की पोळा झाल्यावर एक बडे पुढारी तलावाचं जलपूजन करायला येणार. मांडवाचं ठरलं, लाऊडस्पीकरचं ठरलं, हारांचं ठरलं. पाण्याचं मात्र कुणी ठरवलं नव्हतं.

आप्पासाहेब बनुबाईच्या ओसरीवर आले. मी तिथे शेंगा फोडत होते.

"बनुबाई, गावाच्या अब्रूचा सवाल हाय. बांधाला हातभर चर पाडू द्या. नंतर बुजवून देतो."

"मातीच्या बांधाला हातभर कळत न्हाई, आप्पासाहेब," बनुबाई म्हणाली. "पानी एकदा कडेवरून निगालं की माती खातच जातंय. थोडं थांबा. तळं भरलं की सांडव्यावरनं आपसूक खाली येईल."

"तारीख ठरलीया."

"पावसाला इचारून ठरवली व्हय?"

आप्पासाहेब हसले. हसत उठणाऱ्या माणसाची मला तेव्हापासून भीती वाटते.

कडूबाई कोल्हारला दिलेली होती आणि तिचे दिवस भरले होते. लेकीच्या बाळंतपणाला आईने जायचं नाही तर कुणी? जाताना बनुबाई मला म्हणाली, "बांधाकडं ध्यान ठेव गं." ती गेली आणि दुसऱ्याच दिवशी भर दुपारी पंधरा-वीस माणसं कुदळी-फावडी घेऊन बांधावर चढली. हेच ते एक झालेलं गाव. यातल्या एकेकाच्या घरात वर्षभर तिच्या विहिरीचं पाणी शिजलेलं.

त्यांत आमचे मालकही होते. मालकांचं नाव मी एरवीही घेत नाही. त्या दिवशी तर त्यांनी नाव घेण्यासारखं काही केलंही नाही. मी धावत गेले, कुदळीचा दांडा धरला. ते म्हणाले, "बाईमानसानं मधी पडू नगं. हातभर तर चर हाय." हातभर रुंदीचा, पण पाण्याला लागेपर्यंत खोल चर पडला. पाणी झुळझुळ खाली निघालं. आप्पासाहेबांनी विडी पेटवली आणि सगळे खुशीत घरी गेले. मी एकटी काठावर बसून राहिले.

तिसऱ्या प्रहरी वरच्या डोंगराकडे आभाळ फाटलं. आमच्याकडे थेंब नाही आणि ओढ्याला लोंढा. हातभर चराची आधी गाडीवाट झाली. मग मुरूम ढासळला, मग ती तुडवलेली काळी माती ढेकळाढेकळांनी जाऊ लागली. मी बोंब मारली. लोक आले आणि हात बांधून बघत राहिले. पुंजारामची सारी हयात आणि बनुबाईचं अर्धं आयुष्य दिवस मावळायच्या आत वाहून गेलं. मी सगळ्या गावासमोर नवऱ्याला शिव्या घातल्या. आयुष्यात पहिल्यांदा. शेवटच्या नव्हेत.

आप्पासाहेब काय म्हणाले असतील? "चला, तलावात पानी तर झालं."

जलपूजनाच्या सकाळी बनुबाई कोल्हारहून आली. कडूबाईला मुलगी झाली होती, ते सांगायला ती आधी माझ्याकडेच आली. माझं तोंड पाहून थांबली. मी बोट केलं. ती बांधाकडे गेली. मधे मोठं भगदाड, दोन्हीकडे बांधाचे तुकडे उभे, तळाला चिखल. ती खाली बसली आणि गाभ्याची मूठभर माती हातात घेतली. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. तिने माती पदरात बांधून कमरेला खोचली आणि उठून सरकारी तलावाच्या वाटेला लागली. मी मागे.

तिथे भाषण चाललं होतं. "हे पाणी तुमच्या एकजुटीचं आहे," पुढारी सांगत होते आणि टाळ्या पडत होत्या. मग त्यांनी काठावर येऊन पाण्याची ओटी भरली. हळदकुंकू वाहिलं, हिरवा खण आणि नारळ ताटलीत घालून पाण्यावर सोडला. ताटली दोन हात गेली असेल, तेवढ्यात बनुबाई लुगड्यासकट पाण्यात शिरली. कमरेएवढ्या गढूळ पाण्यात जाऊन तिने ताटली धरली. खण घेतला, नारळ घेतला आणि ताटली पुन्हा पाण्यावर सोडून दिली.

लाऊडस्पीकर सुरूच होता, त्यामुळे पुढचं चार वाड्यांना ऐकू गेलं.

"ए बनुबाई!" आप्पासाहेब ओरडले. "रांडमुंड बाईनं वटीला हात लावायचा नसतो!"

"वटी पान्याची भरली न्हवं?" बनुबाई म्हणाली. "पानी कुनाचं हाय? बोला की. सम्दं गाव हितंच हाय. इचारा, कुनाचा बांध फोडून आनलं ते. पानी माझं, तर वटी बी माझी. नवरा मेल्यावर याच हातांनी माती वाहिली म्या. याच हातांनी तुमच्या घागरी भरल्या. तवा कुनाला रांडमुंड दिसली न्हाई."

पुढाऱ्यांनी घड्याळ पाहिलं. ती ओल्या लुगड्याने काठावर आली आणि सगळ्यांच्या मधून चालत गेली. माणसं वाट सोडत होती.

दुसऱ्या दिवशी तिने भगदाडाच्या तळाशी नारळ फोडला. तो हिरवा खण पिळून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, वर मातीची पाटी घेतली. मी गेले. आणखी काही सुना आल्या. चार दिवसांनी आमचे मालक खाली मान घालून कुदळ घेऊन आले. बनुबाई त्यांना म्हणाली, "कुदळ ठिव. तिनं लई काम केलंय तुझ्या हातात. पाटी उचल." त्यांनी पाटी उचलली. दोन उन्हाळे लागले. खणाचा हिरवा रंग गेला, जरीचा काठ विटला, चिखलाने तो कातड्यासारखा ताठ झाला. तिने चुंबळ बदलली नाही.

तळं पुन्हा भरलं, आणि ती म्हणाली होती तसं जादा पाणी सांडव्यावरून खाली सरकारी तलावात गेलं. त्याचं पूजन करायला कुणी आलं नाही. एक दिवस आप्पासाहेब मात्र नवा खण आणि नारळ घेऊन आले. "झालं गेलं ईसरा, बनुबाई. तळ्याची वटी भरू."

बनुबाईने आतून ती चुंबळ आणली आणि त्यांच्यापुढे टाकली. "खन हाय माझ्याकडं. तुमी पाटी आना. सांडव्याची कड आजून भरायची हाय."

आप्पासाहेबांनी पाटी आणली नाही. सांडव्याची ती कड आम्ही बायकांनी भरली. त्यांच्या घरच्या घागरी मात्र त्याच विहिरीवर येत राहिल्या, बनुबाई मरेपर्यंत, आणि एकाही घागरीला तिने नाही म्हटलं नाही. मला सगळ्यात जास्त राग येतो तो याचाच. मी असते तर म्हटलं असतं.