चंपाबाईंनी आगाऊ घेतलेल्या गोळ्या

चंपाबाईंना थायरॉईडचा विकार जडला तेव्हा त्या फोडणी टाकता टाकता पेंगायच्या. १९७४ च्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी रोज सकाळी अनशापोटी एक गोळी सुरू केली आणि बाई टवटवीत झाल्या.

भाद्रपदात जैनांचं पर्युषण पर्व आलं. दहा दिवस एकाशन. दिवसातून एकदाच ताटावर बसायचं, एरवी तोंडात पाण्याचा थेंबही नाही. मग सकाळची गोळी घ्यायची कशी? लग्नानंतर अकरा वर्षांत हे व्रत एकदाही मोडलं नव्हतं. बाईंनी डोकं चालवलं. आदल्या दिवशी दहाच्या दहा गोळ्या एकदम गिळल्या आणि निश्चिंत झाल्या.

तिसऱ्या दिवशी छातीत हलगी वाजू लागली. बाईंनी गाद्या झोडपल्या, घरच्या खिडक्या पुसल्या, मग शेजारणीच्याही पुसल्या. मंदिरात बाकीच्या बायका पूजेच्या मध्यावर होत्या, तेव्हा यांची पूजा आटोपलीसुद्धा.

"काय गं, एस्टी चुकतीया का तुझी?" जाऊ गुणमाला कुजबुजली.

पाचव्या दिवशी धडधड गळ्यापर्यंत आली. "आवं, छातीत कोण तरी पळतंय," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

जिनदत्तांनी नाडी धरली. "पळतंय कसलं? शर्यतीचा बैल सुटलाय! चल आधी."

स्कूटर विश्रामबागेतल्या दवाखान्याकडे निघाली. मागे बसलेल्या चंपाबाईंना मरणाची नव्हे, व्रताची धास्ती. डॉक्टर आत्ताच काहीतरी खायला लावणार!

डॉक्टरांनी त्यांच्या पसरलेल्या हातांवर कागद ठेवला. कागद फडफडला.

"गोळ्या किती घेतल्या?"

बाईंनी पदर तोंडाला लावला.

"सांग की," जिनदत्त म्हणाले. "मौन न्हाई धरलंस तू."

"दहा. पर्वाच्या आधी. एकदम."

डॉक्टरांनी छाती तपासली, कार्डिओग्राम काढला, मग कपाळाला हात लावला. "अहो बाई, मला विचारायचं तरी! जेवणाच्या वेळी रोज एक घेतली असती तरी चाललं असतं. दैव बलवत्तर म्हणून निभावलं. आता मी सांगेपर्यंत गोळी बंद. रोज तपासायला यायचं."

"आणि एकाशन?"

"एका बैठकीत पोटभर जेवणार असाल, तर चालू ठेवा."

चंपाबाईंनी दवाखान्यातच टाळी वाजवली. घरी येऊन ताटावर बसल्या. धडधडीनं भूकही अशी खवळली होती की जिनदत्त भाकऱ्या वाढून दमले.

"आता बास का?"

"बास काय? उठले की संपलं. वाढा अजून!"