दिव्याखालचं रबरी कापड

नवं राज्य झालं, यांची कचेरी नागपूरहून भोपाळला हलली आणि कचेरीमागून आम्हीही. सरकारी क्वार्टर मिळेपर्यंत जुन्या शहरातल्या एका गल्लीत दोन खोल्या घेतल्या. अंगणाच्या भिंती इतक्या उंच की ऊन वरच्या वर निघून जायचं. मुलगा तेव्हा रांगत होता. त्याला गच्चीवर नेते म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "नको गं, उन्हाची लू लागेल पोराला." मलाही ते बरंच वाटायचं. जिने चढा, वर शेजारणींशी मोडकंतोडकं हिंदी बोला, याचा मला कंटाळा होता.

चालायचं वय झालं तरी तो उभा राहीना. धरून उभा केला की पाय धनुष्यासारखे वाकत. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्याची मनगटं दाबून पाहिली. "बच्चे को धूप ही नहीं मिली, बहनजी," त्या म्हणाल्या. मुडदूस झाला होता. मला मान वर करवेना.

माशाचं तेल सुरू झालं. सासूबाईंनी नाक पदराने झाकून ते स्वतःच्या हाताने पाजलं. शिवाय दिवसाआड दवाखान्यातल्या जांभळ्या दिव्याखाली त्याला थोडा वेळ निजवायचं होतं. डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाखाली घरून नेलेलं रबरी कापड. दिवा लागला की वीज कडाडून गेल्यासारखा वास सुटायचा.

काही आठवड्यांनी ते कापड धुताना माझ्या हाताला खरखरीत लागलं. कडेचा भाग पिवळा, ताठ झाला होता आणि वाकवला की त्यावर बारीक भेगा पडत. मुलगा निजायचा तेवढा मधला भाग मात्र मऊ होता. रबराची ही गत, तर माझ्या बाळाच्या कातडीचं काय?

"मी नाही नेणार त्याला आता," मी सांगून टाकलं.

सासूबाईंनी नातवाला कडेवर घेतलं, ते कापड काखेत मारलं आणि टांगा थांबवला. हिंदीचं अक्षर येत नसलेली ती बाई एकटीच निघालेली पाहून मी मागे धावले.

डॉक्टरीणबाईंनी कापडाचा तुकडा कापून त्याची कड दाखवली. भेगा फक्त वरच्या पापुद्र्यात होत्या, आत रबर तसंच होतं. त्यांनी हिंदीत समजावलं, "या किरणांनी रबराच्या वरच्या थरातल्या लांब साखळ्या तुटतात, त्यात हवा शिरते आणि तो थर कडक होतो. रबराला नवं कातडं येत नाही, बाळाला येतं. म्हणून तर आम्ही वेळ मोजून दिवा लावतो."

परतताना टांग्यात सासूबाई म्हणाल्या, "तुझा दोष नाही, पोरी. मीच त्याला उन्हात जाऊ दिलं नाही."

ते ऐकून मला हायसं वाटलं. तेच आज सलतं.

पुढे मुलगा चालू लागला, धावूही लागला. डाव्या पायात किंचित बाक राहिला. तो दिसला की सासूबाई शेवटपर्यंत म्हणायच्या, "माझ्यामुळे." आणि मी, त्या गच्चीचा मलाच कंटाळा होता हे ठाऊक असून, त्यांना एकदाही अडवलं नाही.